कळफलकावर कोणाचा हात?

महाराष्ट्रातील मुलींचा कळफलकाशी आलेला संबंध संगणकाहून जुना आहे. तालुक्याच्या गावांतून एकेकाळी टंकलेखनाचे आणि लघुलेखनाचे वर्ग चालत, आणि शालान्त परीक्षेनंतर शहरात जाऊन शिकण्याची सोय नसलेल्या अनेक मुली तेथे मिनिटाला ३० व ४० शब्दांच्या गतीच्या शासकीय परीक्षांची तयारी करून पंचायत समिती, न्यायालय, सहकारी बँक अशा कचेऱ्यांत नोकरीला लागत. पुढे टंकलेखन यंत्रे गेली आणि त्या परीक्षा संगणकावर आल्या. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एमकेसीएलने, ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून मराठीत उपलब्ध केला, आणि शासकीय नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राला महत्त्व आल्यामुळे अनेक घरांतल्या लेकी-सुना पहिल्यांदाच संगणकासमोर बसल्या. या वाटचालीने कितीतरी कुटुंबांना हक्काची मिळकत दिली, त्यामुळे तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही तिची मर्यादा दिसतेच. टंकलेखिकेने साहेबांचा मजकूर बिनचूक उतरवायचा असे, आणि एमएस-सीआयटी झालेल्या मुलीने दुसऱ्या कोणी तयार केलेले सॉफ्टवेअर नीट वापरायचे असे. यंत्राने काय करावे, हे ठरवण्याचे काम दोघींकडेही नव्हते.

कोडिंग म्हणजे नेमके हेच ठरवणे. संगणकाने एखादे काम कोणत्या क्रमाने, कोणत्या अटीवर आणि किती वेळा करावे, याच्या सूचना त्याला समजेल अशा भाषेत लिहिणे याला कोडिंग म्हणतात, आणि अशा सूचनांच्या संचाला मराठीत आज्ञावली हा शब्द रूढ आहे. शाळकरी मुलींनी या क्षेत्राकडे वळावे म्हणून आज जी भाषणे, शिबिरे आणि स्पर्धा होतात त्यांत आवड, प्रेरणा, आदर्श या शब्दांचा भरणा असतो. महाराष्ट्रातील मुलीपुढचा प्रश्न मात्र आवडीपेक्षा ताब्याचा अधिक आहे: यंत्र तिच्या हाती किती वेळ राहते, कोणाच्या देखरेखीखाली राहते आणि त्यावर चुकण्याची मुभा तिला किती मिळते, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते.

असे म्हणायला अमेरिकेच्या अनुभवाचा मोठा आधार आहे. १९४६ साली जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’ या विद्युत-संगणकाची आज्ञावली जुळवणाऱ्या सहाही जणी स्त्रियाच होत्या, आणि माणसाला वाचता येणाऱ्या सूचनांचे यंत्राच्या अंकभाषेत रूपांतर करणाऱ्या ‘कंपायलर’ या साधनाच्या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल ग्रेस हॉपर यांनी १९५२च्या सुमारास टाकले. १९८४ साली अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होते. त्यानंतर ते घसरत जाऊन २०१०च्या सुमारास १८ टक्क्यांवर आले. वैद्यक, कायदा, जीवशास्त्र या शाखांत मुली वाढत असतानाच ही घसरण झाली, त्यामुळे मुलींची बुद्धी किंवा महत्त्वाकांक्षा हे तिचे कारण असू शकत नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली अवघ्या ७ टक्के होत्या, तेव्हा जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या दोघांनी शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. त्यातून दिसले ते असे: ऐंशीच्या दशकात घरोघरी आलेला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत ठेवला गेला, वडील आणि मुलगा मिळून तो उघडून-जोडून पाहत राहिले, आणि घरातली मुलगी तो वापरायला मिळेल तेव्हा वापरत राहिली. महाविद्यालयात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलांना सगळे आधीपासून ठाऊक असल्याचे मुलींना दिसे, आणि ही अनेक वर्षांच्या हाताळणीतून आलेली आघाडी आहे हे न कळल्याने त्या तिला उपजत बुद्धी समजत व स्वतःला कमी लेखत.

विद्यापीठाने यावर जो उपाय केला तो साधा होता. प्रवेश देताना कोडिंगच्या पूर्वानुभवाला वजन देणे थांबवले गेले आणि नवख्यांसाठी व सरावलेल्यांसाठी सुरुवातीचे वर्ग वेगळे केले गेले; २००० सालापर्यंत मुलींचे प्रमाण ४२ टक्क्यांवर पोहोचले. कॅलिफोर्नियातील हार्वे मड महाविद्यालयानेही २००६नंतर प्रथम वर्षाच्या वर्गाची अशीच विभागणी केली आणि तेथेही काही वर्षांतच मुली दहा-बारा टक्क्यांवरून चाळीसच्या घरात गेल्या. दोन्ही ठिकाणी मुलींना बदलण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. वर्ग बदलले गेले.

भारताची स्थिती मात्र वेगळी आहे, आणि पाश्चात्त्य देशांतील घोषणा येथे जशाच्या तशा उचलणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. संगणक हे मुलांचे काम, अशी समजूत येथे फारशी रुजलेलीच नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठातील संशोधक रोली वर्मा यांनी भारतातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींशी बोलून जे नोंदवले आहे त्यानुसार अनेक मुलींना आणि त्यांच्या पालकांना हे क्षेत्र मुलींसाठी विशेष सोयीचे वाटते, कारण काम कचेरीत बसून करायचे असते, उन्हातान्हात साइटवर जावे लागत नाही, पगार चांगला मिळतो आणि समाजात मानही असतो. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ साली पुण्यात कर्वेनगरला सुरू केलेले कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय असो किंवा श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाची जुहूची उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था असो, तेथील संगणक शाखांच्या जागांसाठी मुलींची चुरस असते. देशातील माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या मनुष्यबळात स्त्रिया सुमारे ३६ टक्के असल्याचे नॅसकॉम ही त्या उद्योगाची संघटना सांगते. आयआयटींमध्ये मुलींचा टक्का फार कमी होता, म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा, म्हणजे मुलांच्या जागांना हात न लावता वाढवून दिलेल्या जागा, निर्माण करण्यात आल्या आणि दोन वर्षांत ते प्रमाण १४ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेले.

एवढे असूनही या सगळ्या आकड्यांतली मुलगी बहुतांशी शहरातली किंवा शहरात वसतिगृहाचा खर्च झेपणाऱ्या घरातली असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीत शिकणारी मुलगी या आकड्यांत क्वचितच पोहोचते, आणि ती का पोहोचत नाही याचा शोध घेतला की कार्नेगी मेलनमध्ये दिसलेले चित्रच येथे निराळ्या रूपात समोर येते. ‘प्रथम’ या संस्थेच्या २०२३च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी आहे. स्मार्टफोन घरी असणे आता बहुतेक घरांत सामान्य झाले असले, तरी फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे तो स्वतःचा होता, तर मुलींपैकी केवळ १९.८ टक्क्यांकडे. घरी संगणक असलेल्यांपैकी ८५ टक्के मुलामुलींना तो चालवता येत होता. ज्यांच्या घरी तो नव्हता त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम ३४ टक्के निघाले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचे सांगितले, तर स्त्रियांपैकी ३३ टक्क्यांनी. घरात यंत्र येते तेव्हा ते कोणाच्या खिशात किंवा कोणाच्या टेबलावर राहते, हे अमेरिकेतल्या उपनगरात आणि मराठवाड्यातल्या वस्तीवर सारख्याच रीतीने ठरते.

मग उरते शाळा. ‘यू-डायस’ या शाळांच्या शासकीय माहितीसंचातील २०२३-२४च्या आकडेवारीनुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतले संगणक होते. ते असतात तेथेही पटसंख्येच्या मानाने अपुरे असतात, आणि एका यंत्रापुढे तिघे-चौघे बसले की काय घडते हे प्रत्येक संगणक-शिक्षकाला ठाऊक असते. माउस पहिल्या मिनिटाला एका मुलाच्या हाती जातो, दुसरा त्याला काय दाबायचे ते सांगत राहतो, आणि अक्षर चांगले आहे म्हणून वहीत पायऱ्या उतरवून घेण्याचे काम मुलीकडे येते. तासाअखेरीस तिची वही सर्वांत नीट असते, परीक्षेत तिला गुणही चांगले पडतात, आणि यंत्राला तिचा हात मात्र लागलेला नसतो. शिक्षक पक्षपाती असतो असे नाही. तास ३५ मिनिटांचा असतो, त्यातली दहा मिनिटे यंत्रे चालू होण्यात जातात, आणि जो धिटाईने पुढे सरसावतो त्याच्याकडून काम पूर्ण करून घेणे शिक्षकाला भाग पडते. म्हणूनच ‘प्रत्येक शाळेला संगणक’ एवढ्याने मुलींचे काम भागत नाही. यंत्रामागे बसण्याची पाळी घड्याळ लावून बदलावी लागते.

शाळेनंतरचा वेळ मुलीचा नसतोच. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले, पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि आईच्या कामातला वाटा मुलगी किती लहान वयात उचलू लागते, हे सांगायला पाहणीची गरज नाही. गावात शाळा सातवीपर्यंतच असेल तर पुढच्या शिक्षणासाठी एसटी धरावी लागते. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो आणि मानव विकास कार्यक्रमाखालील १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या व सायकली दिल्या जातात. माध्यमिक शाळांत मुली टिकण्यामागे या योजनांचा वाटा मोठा आहे. पण गाडीची वेळ ठरलेली असते. शाळा सुटल्यावर चालणारा कोडिंग क्लब, शनिवारची रोबोटिक्सची कार्यशाळा, अटल टिंकरिंग लॅबमध्ये, म्हणजे केंद्र शासनाच्या अनुदानातून शाळांत उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत, सायंकाळी उशिरापर्यंत चालणारे प्रकल्प यांत गावातला मुलगा मित्राच्या मोटारसायकलवरून घरी परततो, तर मुलीला शेवटच्या गाडीसाठी उठावे लागते. मुलींसाठी खरोखर काही करायचे असेल तर ते शाळेच्या वेळेतच व्हायला हवे.

यंत्रे कमी आहेत म्हणून संगणकशास्त्र शिकवणे थांबवावे लागत नाही, हे न्यूझीलंडमध्ये टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिले. त्यांच्या संगणकाविना संगणकशास्त्र शिकण्याच्या खेळांपैकी एक शाळेच्या पटांगणात सहज मांडता येतो. फक्कीने जमिनीवर सहा समांतर वाटा आखायच्या आणि त्यांना ठिकठिकाणी वर्तुळांनी जोडायचे. सहा मुली हातात एकेक अंक घेऊन निघतात. वर्तुळात दोघी भेटल्या की अंकांची तुलना होते, लहान अंकवाली डावीकडच्या आणि मोठ्या अंकवाली उजवीकडच्या वाटेने पुढे जाते. सुरुवातीला अंक कसेही असले तरी शेवटच्या रेषेवर सहाही जणी चढत्या क्रमाने उभ्या असतात. हे क्रमवारी लावण्याचे जाळे आहे, आणि त्यात एकाच वेळी अनेक वर्तुळांत तुलना चालू असल्याने समांतर गणन म्हणजे काय, हेही न सांगता समजते. या खेळाचा आणखी एक गुण असा की त्यात कोणालाही माउस हिसकावून घेता येत नाही. सहावी मुलगी चुकली तर सगळ्यांचेच उत्तर चुकते. भारतात ‘सीएसपाठशाला’ हा एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा २०१६ पासूनचा उपक्रम अशाच पद्धतीने संगणकीय विचार, म्हणजे प्रश्नाचे तुकडे पाडून टप्प्याटप्प्याने उत्तर मांडण्याची सवय, शाळांपर्यंत नेण्याचे काम करतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आल्यानंतर अशा कामाची गरज वाढली आहे.

विषय कोणता निवडावा यालाही महत्त्व आहे. शाळांतील कोडिंगची उदाहरणे बहुधा मोटारींच्या शर्यती, नेमबाजी, यंत्रमानव यांच्याभोवती फिरतात, आणि मुलींसाठी वेगळे काही करायचे ठरले की पडद्याचा रंग गुलाबी होतो. दोन्हींची गरज नाही. ताम्बरमच्या मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयाशी निगडित असलेले गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली तमिळ स्त्रिया दारात काढतात त्या कोलमचा अभ्यास संगणकशास्त्राच्या दृष्टीने केला. चिन्हांच्या जागी कोणती चिन्हे यावीत याचे मोजके नियम ठरवून त्यांतून मोठी आकृती निर्माण करता येते, आणि अशा नियमसंचाला व्याकरण म्हणतात. कोलममागेही असे व्याकरण असल्याचे त्यांनी मांडले. तिघांपैकी दोन संशोधक स्त्रिया होत्या, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मराठी मुलीला हे वळण अपरिचित नाही. १९६७ साली सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉलेस फ्युरझाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली, आणि तिच्यातले रेघ ओढत चालणारे कासव आता ‘पायथन’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भाषेसोबतही मिळते. त्याला आठ पाकळ्यांचे कमळ काढायला सांगायचे तर आधी एक पाकळी सांगावी लागते: वर्तुळाचा चतुर्थांश काढ, ९० अंशांत वळ, पुन्हा चतुर्थांश काढ, पुन्हा ९० अंशांत वळ. कासव निघाल्या जागी परत येते आणि त्याचे तोंडही पूर्वीच्याच दिशेला असते. मग थोडे वळून हीच कृती आठ वेळा करायची. या पुनरावृत्तीला आवर्तन म्हणतात. अंदाजाने ५० अंश लिहिले तर आठवी पाकळी जवळपास पहिलीच्या अंगावर चढते आणि रांगोळी बिघडते. कुठे चुकले हे पडद्यावर दिसतेच, पण का चुकले हे शोधताना मुलीला उमगते की आठ वेळा वळून पूर्ण फेरी, म्हणजे ३६० अंश, व्हायला हवी, म्हणून प्रत्येक वळण ४५ अंशांचे हवे. त्यानंतर ती ४५ हा आकडा खोडून तेथे ‘३६० भागिले पाकळ्या’ असे लिहिते, आणि पाकळ्या या नावाला ५, १२ किंवा २४ अशी कोणतीही किंमत देऊन हवे ते कमळ काढू शकते. किंमत बदलता येणाऱ्या अशा नावाला चल म्हणतात. अर्ध्या तासात तिने आवर्तन आणि चल या दोन कल्पना हाताळलेल्या असतात, आणि त्याहून मोलाचे म्हणजे स्वतःची चूक कोणी न ओरडता स्वतः दुरुस्त केलेली असते. आईच्या बचतगटाचा हिशेब हाही असाच जिवंत विषय आहे: हप्ता वेळेवर आला तर बचतीत जमा, उशिरा आला तर दंड, कर्जावर दरमहा ठरलेले व्याज. त्यात अट, चल, आवर्तन सगळे येते आणि उत्तराचा घरी उपयोगही होतो.

मुलींच्या हाती खरी अवजारे देण्याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण मात्र कोडिंगच्या चर्चेत सहसा आठवले जात नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तेथून माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचवला. आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, स्वयंपाक आणि आरोग्यतपासणी अशी कामे करतात, आणि ती मुलामुलींत वाटून दिलेली नसतात: मुलगी वेल्डिंगचा मुखवटा चढवते, मुलगा पीठ मळतो. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’, म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू यंत्राने प्रत्यक्ष घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. जगातील अशा पहिल्या काही कार्यशाळांत तिची गणना होते. पाबळच्या पद्धतीचा कणा असा की काम वेळापत्रकात असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला येते, त्यामुळे पुढे सरसावणारा आणि मागे राहणारा असा भेदच फारसा उरत नाही. जे वेल्डिंगबाबत चार दशके जमले आहे, ते कळफलकाबाबत न जमण्याचे कारण नाही.

भाषेची अडचण वेगळी आहे. बहुतेक संगणकभाषांतले आज्ञार्थी शब्द इंग्रजी असतात. ते मोजके असल्याने पाठ होतात. अडते ते चूक झाल्यावर यंत्र जो इंग्रजी संदेश दाखवते तेथे, आणि पुढच्या शिक्षणाचे सर्व साहित्य इंग्रजीत असते तेथे. सेमी-इंग्रजी वर्गांमुळे मराठी शाळांतील मुलींना गणित-विज्ञानाची इंग्रजी परिभाषा परिचित होत असली, तरी कल्पना मराठीत पक्की होण्याआधी तिच्यावर इंग्रजी नाव चिकटवले गेले तर शंका विचारणे बंद होते, आणि वर्गात मुळातच कमी बोलणारी मुलगी आणखी गप्प होते. नेदरलँड्सच्या फेलिएन हर्मन्स यांनी तयार केलेली ‘हेडी’ ही शिकाऊंची संगणकभाषा आज्ञार्थी शब्द अनेक भाषांत लिहू देते, आणि पायरीपायरीने अवघड होत शेवटी पायथनपर्यंत पोहोचवते. मराठी शाळांसाठी साहित्य करणाऱ्यांनी तिचा बारकाईने अभ्यास करावा.

महासाथीच्या काळात सहा वर्षांच्या मुलांना कोट्यवधींच्या पगाराचे स्वप्न दाखवून कोडिंगचे वर्ग विकणाऱ्या जाहिरातींनी या विषयाची मोठी हानी केली, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना साध्या बोलीत सांगितले तरी ती आज्ञावली लिहून देतात, तेव्हा मुलींनी हे शिकावे तरी कशाला, असे पालक विचारू लागले आहेत. प्रश्न प्रामाणिक आहे आणि नोकऱ्यांबद्दल कोणी छातीठोकपणे काही सांगू नये. परंतु त्या साधनाने लिहून दिलेले कमळ बिघडले तर आठवी पाकळी पहिलीवर का चढली हे ज्याला कळते त्याच्या हाती निर्णय राहतो, आणि ज्याला कळत नाही त्याला यंत्राने दिलेला मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवावा लागतो. टंकलेखिकेचे काम पुन्हा मुलींच्याच वाट्याला येऊ नये, अशी तळमळ असणाऱ्यांनी आजच्या सातवी-आठवीच्या वर्गाकडे पाहायला हवे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींचे, ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांसाठी, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय स्तुत्य आहे आणि अनेक घरांत तो निर्णायक ठरेल; पण अभियांत्रिकीच्या दारापर्यंत जी पोहोचली तिलाच त्याचा लाभ होतो, आणि आपल्याला यंत्र जमत नाही असे मुलीचे मत त्याच्या चार-पाच वर्षे आधी बनलेले असते. त्या वयात करायच्या गोष्टी खर्चाच्या नाहीत. संगणकाचा तास जोडून ७० मिनिटांचा ठेवावा, तो शेवटच्या गाडीच्या आधी संपावा, एका यंत्रामागे दोघांहून अधिक नसावेत, दर दहा मिनिटांनी कळफलकाचा हातबदल करावा, आणि शिकवणाऱ्या बाईंनाही सुट्टीत सराव करायला यंत्र घरी नेऊ द्यावे. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आज यंत्रांची संख्या आणि नादुरुस्तीची तारीख लिहिली जाते. तिच्यात विद्यार्थ्याचे नाव आणि कळफलकावरची मिनिटे असे आणखी दोन रकाने आखता येतील, आणि मुख्याध्यापकांना महिनाअखेरीस मुलींची बेरीज मुलांच्या बेरजेशेजारी मांडून पाहता येईल.